जलकुंभीचं जांभळं फूल

१५ नोव्हेंबर १९५९, संध्याकाळ

दारव्ह्याचा बाजार बुडवून सारा गाव श्रमदानाला कंबरभर पाण्यात उभा होता. आज तळ्यातली शेवटची जलकुंभी काठावर आली, आणि सरपंचांना जलपूजनाची हुक्की आली! फुलं कुणी आणली होती? कुणीच नाही. त्यांनी ढिगातलं एक जांभळं फूल उचललं, मुळ्यांसकट, अन् भक्तिभावानं पाण्यात सोडलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, गाढवासारख्या.

मग डोक्यात उजेड पडला. अशाच एका रोपानं तर आख्खं तळं भरलं होतं! काढायला उतरलो, तर सरपंच ओरडले, "मास्तर, देवाले वाह्यलेलं फूल कायले काढून राह्यले?"

सारा गाव माझ्याकडं पाहत होता. काय करणार? मीही हात जोडले.

जांभळं फूल मजेत तरंगतंय. माझी कंबर आतापासूनच दुखतेय.