चोवीस उजव्या बाह्या

ती. ताईस,

धाकटीचा प्रभूच्या नावाने सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या गिळतेस की नुसत्या उशाशी मांडून ठेवतेस? आम्ही इकडे मजेत आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.)

पावणेचार महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, हे तुला ठाऊक आहेच. शिंप्याचा उजवा हात! कात्री काय दाताने धरायची? मी उपास केले, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालताना घडीघडीला प्रार्थना केली. मग एका शनिवारी ह्यांचं मधलं बोट हललं. एकदाच. मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी कोणाला साक्ष द्यायची आहे का विचारलं, तशी मी ताडकन उठले आणि ह्यांचा हात बरा झाला म्हणून सांगून टाकलं. (विश्वासाने आधीच आभार मानावेत, असं तेच शिकवतात. मग माझं काय चुकलं?) बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही! क्वायरचे बारा नवे झगे हेच शिवतील, असंही बोलून बसले. सगळी मंडळी उभी राहून गायली. सोमवारी कापडाचा तागा दारात.

हे म्हणाले, "मला विचारलं होतंस?" ह्यांना कशाला विचारू, देवाला विचारलं होतं. पण ते बोट पुन्हा काही हललं नाही. दोन आठवडे गेले, पाच गेले. पाळकीणबाई कुठवर आलं म्हणून रोज डोकावणार आणि मी त्यांना दारातूनच वाटेला लावणार. हे तर लाजून चर्चला यायचेच बंद झाले. शेवटी एक दिवस हे व्यायामासाठी इस्पितळात गेलेले बघून मीच कात्री उचलली. (चौदा वर्षं काज-बटणं करते मी, कापण्यात एवढं काय?) बाहीचा कागद ठेवला, खडूची रेघ मारली, कापलं. परत तोच कागद, परत कापलं. डाव्या बाहीसाठी कागद उलटा ठेवायचा असतो, हे मला माझ्या बापाने सांगितलं होतं का? संध्याकाळी हे आले आणि पलंगाकडे बघतच राहिले. चोवीस बाह्या, आणि चोवीसच्या चोवीस उजव्या!

मला वाटलं, आता भडका उडणार. पण हे दारातच हसत सुटले. काठी पडली तरी हसताहेत. म्हणाले, "अगं, एक उजवा हात मागितलास, त्याने चोवीस पाठवले की!" आणि हसता हसता रडायला लागले. झटका आल्यापासून हा माणूस रडला नव्हता, ताई. मग मीही बसले तिथेच, बाह्यांवर. (चुरगळल्या. नंतर इस्त्री केली.)

पुढचं ह्यांनीच निभावलं. बारा बाह्या उलट्या करून डावीकडे लावायच्या. कापड एकाच अंगाने चकाकतं, त्यामुळे क्वायरचा उजवा हात झगमगणार आणि डावा विझलेला. हे खुर्चीत बसून सांगतात, मी मशीन चालवते, आणि दर शिवणीला ओरडा ऐकते, "दोरा बघ, दोरा! डोळे कुठे गेलेत तुझे?" पाळकीणबाईंना सांगितलंय, हल्ली अशीच फॅशन आहे.

येत्या रविवारी झगे घालून गाणं आहे. पाळकसाहेबांचा निरोप आलाय, ह्यांना घेऊन या आणि साक्ष पूर्ण करा. हात तर गळ्यातल्या पट्टीत लटकतोय, पूर्ण काय करू, कपाळ? पण माझा विश्वास खडकासारखा आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी
धाकटी

ता. क. खडकाचं खोटं लिहिलं. महिना झाला, माझा देवाशी अबोला आहे. जेवणाआधी हे प्रार्थना करतात तेव्हा मी डोळे मिटून उद्याची भाजी ठरवते. तरी रविवारी जाणारच. रुसलं म्हणून घर कोण सोडतं?

आणखी एक ता. क. काय बोलायचं ते ठरवलंय. हात बरा झालेला नाही, मी घाई केली, आणि आम्ही दोघं आलोय. बस. त्यावर मंडळी गप्प राहिली तर मला तिथे उभं राहवणार नाही. म्हणून तू शनिवारीच ये. रविवारी पुढच्या बाकावर बस, आणि माझं बोलणं संपलं की लगेच, मोठ्याने, आमेन म्हण. माझ्या तोंडून ते अजून निघत नाही.