पोच

मंगळवार, संध्याकाळ

नाशिकमधल्या सगळ्या कॉलेजांच्या छतांवर सोलर सक्तीचं करा, असं निवेदन आज आम्ही कॉलेजच्या सहा जणांनी कलेक्टर साहेबांना दिलं. महिनाभर पार दिंडोरीपर्यंत फिरून सह्या घेतल्या होत्या. साहेब हसले, चहा पाजला, सोबत फोटोही काढला. मी उड्या मारतच घरी आले.

आई सरकारी ऑफिसात क्लार्क. फोटोकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोच घेतलीस?"

पोच! कागद मिळाल्याचा शिक्का मारलेली आपली प्रत. सहा जणांत एकालाही सुचू नये?

"मग दिलंच नाहीत तुम्ही," म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

तिच्यावर उगाच चिडले. खरं बोलली म्हणून?

मघापासून तो फोटो मोठा करून बघतेय. साहेबांसकट सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय. निवेदन उलटं आहे. धरलंय मीच.