दिवटीवालीचा मुक्काम

मागच्या रविवारी माझ्या मुलाने माझ्या धाकट्या जावेसाठी एक वृद्धाश्रम बघून आल्याचे सांगितले. तिला विचारले नव्हते, मलाही नाही. घर माझे आहे आणि माझे हृदय आता भरवशाचे राहिलेले नाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मी, वय वर्षे एकाहत्तर, विज्ञानाची पदवीधर, विधवा, जन्मभर कवळ्या बनवण्याचा व्यवसाय केलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तशी आजवर कोणाची छातीही झालेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. त्यात माझी धाकटी जाऊ हयात असेपर्यंत राहील. मागची खोली तिची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तिच्या वापरात. तिला कोणीही हलवू नये, तिच्या भल्यासाठीसुद्धा नाही. तिच्या पश्चात घर माझ्या मुलाचे. तोवर त्याने ते विकू नये, गहाण टाकू नये.

कारण विचारले जाईल म्हणून लिहिते. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, चपला शिवून आणतो म्हणून घरातून गेला तो परत आला नाही. चपला दाराशीच होत्या, हे संध्याकाळी लक्षात आले. तिला दुसरे घर नाही.

२. सासरे गेले तेव्हा भरल्या घरात ही जाऊ म्हणाली होती, "ताईंना माणसांपेक्षा दात बरे. दात उलटून बोलत नाहीत." त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतेच बोलले. ते वाक्य मी माफ केलेले नाही. कलम एकवर याचा परिणाम होऊ नये.

३. संगणक आणि त्यातला पत्त्यांचा खेळ जावेला द्यावा. मुलाने तो मला वेळ घालवण्यासाठी आणून दिला. एक तांडा घाट चढत असतो. प्रत्येक पान म्हणजे तांड्यातला एक माणूस. सुरुवातीला हलकी पाने मिळतात, त्यातलीच एक मशाल धरणारी दिवटीवाली. प्रत्येक मुक्कामाला एक नवे पान घेता येते आणि हवे तर एक जुने मागे सोडता येते. हलकी सोडत गेले की चांगली पाने हातात लवकर येतात. शहाणा माणूस पहिल्या मुक्कामालाच दिवटीवालीला सोडतो. तिच्याने लढाई होत नाही. थोडा उजेड पडतो, इतकेच.

मी नायकीण, म्हणजे तांड्याची म्होरकी, झाले. जाऊ मागे स्टुलावर बसून बाकीच्यांचे आवाज काढू लागली. खेळात तसे काही नाही, हा तिचा उद्योग. स्वयंपाक्याला तिने दमा दिला, तिरंदाजाला खाष्ट सासू दिली. घरात आम्ही "मीठ संपलं" एवढेच बोलत होतो. पहिल्या मुक्कामाला मी दिवटीवालीवर बोट ठेवले, तेव्हा जाऊ दिवटीवालीच्या आवाजात म्हणाली, "नायकीणबाई, मला सोडायचं तर उजेडात सांगून सोडा. दिवटी मीच धरते."

"गप चाल," मी म्हणाले आणि दुसरे पान सोडले.

तेव्हापासून दिवटीवाली प्रत्येक डावात राहिली आणि आम्ही प्रत्येक डाव हरलो. घाटमाथा कधी दिसला नाही. एकदा नदी ओलांडताना ती म्हणाली, "नायकीणबाई, ते दातांचं मी जरा जास्तच बोलले होते."

"तांड्यात दातांचा विषय कशाला?" मी म्हणाले.

माफी दिवटीवालीने मागितली, जावेने नाही. सबब कलम दोन कायम.

४. रविवारी मुलगा आमचा अर्धवट डाव खेळायला बसला. "आई, हे ओझं कशाला वागवतेस? हे पान काढ, बघ डाव कसा सुटतो." त्याने दिवटीवालीला काढले. डाव सुटला. घाटमाथ्याचे चित्र चांगले होते. सगळा तांडा, मागे पहाट. त्याच खुर्चीवरून मागे वळून त्याने वृद्धाश्रमाचे सांगितले. "काकूंना सोबत मिळेल. स्वच्छ आहे गं."

मुलगा वाईट नाही. खेळापुरते त्याचे बरोबरही आहे.

जाऊ म्हणाली, "पोचले की सगळे," आणि कप विसळायला गेली. मला काही वाटले नाही. हृदयाच्या झटक्यानंतर मला फारसे काही वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांमुळे असेल.

सोमवारी सकाळी खाताना तिने विचारले, "ताई, कधी निघायचं?" आवाज तिचा स्वतःचा होता. पलंगाखालची पेटी काढून तिने पुसून ठेवली होती. मी ती पायाने परत आत ढकलली आणि वकिलांना फोन केला.

५. मेण कापायच्या सुऱ्या, स्पिरिटची बत्ती आणि वरचा-खालचा जबडा जुळवून बघण्याची पितळी चौकट माझ्याकडे शिकलेल्या कारागीर बाईला द्यावी. सुऱ्या तिने लोणी लावायला वापरू नयेत. तिला ती खोड आहे. मी ज्या दंतवैद्यांचे काम केले त्यांना काही नाही. कवळी बसली की त्यांचे कौशल्य आणि टोचली की माझी चूक, असा त्यांचा हिशेब होता.

६. बँकेतील शिल्लक निम्मी मुलाला. निम्मी घराच्या डागडुजीला आणि जावेच्या औषधपाण्याला.

७. माझी स्वतःची कवळी मीच बनवलेली आहे. शेवटी ती तोंडात असू द्यावी. भाषणे नकोत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे वकील करतील. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर स्वतःच्या सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही. चहा दिला.

सही : मृत्युपत्र करणारी
साक्षीदार : समोरच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
साक्षीदार : कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)
स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर

साक्षीदारांसमोर आजच सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद : पुढच्या दाराची किल्ली एक. मागच्या दाराची किल्ली एक. संगणक, चालू स्थितीत. त्यात नवा डाव, मी सुरू करून दिलेला. पहिला मुक्काम झाला आहे, कोणालाही सोडलेले नाही.

पोच म्हणून धाकट्या जावेने खाली लिहिले आहे. मी त्यात दुरुस्ती केलेली नाही.

"सगळं मिळालं. दिवसाउजेडी."