हुंगणं म्हणजे पिणं नाही

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

घरात दारू आली. माझ्या घरात!

शेजारच्या भिकाजीचा केतन बोटीवरून सुट्टीला आलाय. सकाळी दारात उभा. "गुरुजी, वेदिकाने दिलंय तिकडून. तुमच्या हातातच द्या म्हणाली." मला वाटलं स्वेटर असेल. मथुराने कागद सोडला तर आत खोकल्याच्या औषधाएवढी बाटली. वर पोरीच्या अक्षरात — पिंप नंबर १४. सोबत चिठ्ठी. ती इथे उतरवून ठेवतो.

"बाबा, प्यायची नाही. फक्त हुंगायची आणि जे वाटेल ते लिहून पाठवायचं. माझ्या एकटीवर सोपवलेलं हे पहिलं पिंप. बाटल्यांत भरायचं की नाही, ते महिनाअखेर मालकाला सांगायचंय. माझी नोकरी ह्यावर आहे असंच समजा. तुमचं नाक मला माहीत आहे."

तीन वर्षं मी तिच्याशी बोललेलो नाही. दापोलीला अन्नाचं शिकली, पुढे स्कॉटलंडला गेली, गावभर सांगत फिरलो. आणि तिने नोकरी धरली ती दारूच्या कंपनीत! त्या दिवशी म्हटलं होतं, ती सोडशील तेव्हा मला फोन कर. तर ही बाटली पाठवते!

जुन्या हजेरीपटांच्या मागे ठेवली. केतनला म्हटलं, कुणाला बोलू नकोस. म्हणजे बापाला तरी सांगणारच.

५ नोव्हेंबर

नाही उघडणार.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दर रविवारी विहारात लोकांना पंचशील देणारा माणूस मी. पाचवं शील — मद्याला शिवणार नाही. बापाने धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या वाडीतल्या सोळा घरांनी दारूची मडकी बांधावर नेऊन फोडली. बापाच्या तळव्याला खापर लागलं. तो वण म्हातारा मरेपर्यंत पोरांना दाखवायचा. आणि त्याच्या मुलाच्या कपाटात आता ही बाटली.

मथुरा म्हणाली, "मग ओतून टाका मोरीत."

ओतवत पण नाही. पोरीचं अक्षर आहे तिच्यावर.

भाकरी थापता थापता मथुरा परत म्हणाली, "हुंगणं म्हणजे पिणं नाय हो. बाजारात त्या बारवरून जाता तेव्हा काय नाक धरून जाता?"

ही बाई वकील व्हायची.

९ नोव्हेंबर, शनिवार

उघडली! सकाळी अकरा वाजता, दार लावून, चोरासारखा.

मथुरा आपला पेला देईना. "माझ्या भांड्यांत नको." शेवटी काचेची एक छोटी बरणी दिली. चमचाभर ओतली. नाक नेलं. झणकन डोळ्यांत पाणी! दुसऱ्यांदा जरा लांबून. लिहिलं — लिंबू, मोहरी, हिंग.

मथुराच्या मोबाईलवरून पाठवून दिलं. आपलं नाव नाही, नमस्कार नाही, तीनच शब्द. बोलायचं नाही म्हणजे नाही.

दुपारी तीनला फोन वाजला. तिकडे सकाळ. मथुराने सरळ माझ्या कानाला लावला!

"बाबा, बरणीत आधी काय होतं?"

मथुराला विचारलं. लोणचं!

पोर हसत सुटली. मग मीही. तीन वर्षांनी पहिल्यांदा बोललो ते लोणच्यावर. ती म्हणाली, "बाबा, पिंपाचं हेच असतं. चौदा नंबरच्या पिंपात आधी शेरी होती. शेरी म्हणजे स्पेनची द्राक्षाची दारू. ती काढली तरी लाकूड विसरत नाही. मग त्यात ही व्हिस्की अकरा वर्षं ठेवली. आता ह्या पिंपात 'लोणचं' कितपत राहिलंय, ते मला सांगा."

असं सांगितलं की चटकन कळतं. पोर शिक्षिका झाली असती तर! असो.

११ नोव्हेंबर, सोमवार

बरणी नको. भिकाजीकडून पेला आणला, बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता. तोही बोटीवर होता, त्या दिवसांतला. देताना डोळा मारलान. "काय वो गुरुजी, औषध घेताव काय?"

आज खरा वास आला. आधी धूर. पण लाकडाचा नाही, बिडीचा नाही. कुठला, कुठला — अर्धा तास डोकं खाल्लं. मग सापडला! उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी जागा भाजतात ना, पातेरा, शेण, वर माती टाकून, तो. आतल्या आत धुमसणारा, ओल्या मातीचा. लहानपणी आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात त्यासाठी तोडलेल्या डहाळ्यांचे, कवळाचे भारे वाहिलेत मी. तो वास ह्या साहेबाच्या दारूत कसा?

तिला सांगितलं. तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, तिकडे जमिनीतून माती कापून काढतात, वाळवतात आणि तिच्या धुरावर धान्य सुकवतात. तुम्ही न सांगता ओळखलंत."

मनातून फुगलो. उगाच कशाला खोटं लिहू.

१३ नोव्हेंबर

तीन थेंब पाणी घालून बघा म्हणाली. घातलं. धूर मागे सरला आणि गोड पुढे आलं. फणसपोळी, तीही डब्याच्या तळाशी राहून काळी पडलेली. मनुका. थोडं आमसूल. हेच ते शेरीचं 'लोणचं' असणार.

तिचा मालक स्वतः दारू गाळत नाही म्हणे. दुसऱ्यांच्या भट्ट्यांतून एखादंच पिंप पसंत करून घेतो आणि आपल्या नावाने भरतो. मी म्हटलं, "म्हणजे आंब्याची कलमं एकाची, पेटीवर नाव दुसऱ्याचं."

"अगदी तसंच. म्हणून तर निवडणाऱ्याचं नाक पक्कं पाहिजे."

तिच्या आजीचं नाक होतं तसं. लोकांच्या बागांत आंब्यांची अढी लावायला जायची. पेंढ्यात हात न घालता, नुसतं वाकून सांगायची, आज खालचा थर काढा. माझ्यात ते आलं आणि आयुष्यभर त्याने खडूची धूळ हुंगली. पोरीत आलं तर मी बोलणं टाकलं.

१५ नोव्हेंबर

पेला न धुता ठेवा, सकाळी रिकामा हुंगा म्हणाली. हुंगला. विझलेली चूल आणि गूळ.

मथुरा म्हणते, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्या आमटीचा असा वास कधी घेतलात नाय."

१७ नोव्हेंबर, रविवार

आज विहारात फजिती. पहिली चार शीलं नीट दिली आणि पाचवं न देताच हात जोडले. पुढे बसलेली येसूबाई मोठ्याने, "गुरुजी, पाचवं ऱ्हायलं!" सगळे हसले. मी घामाघूम. पाचवं दिलं, पण आवाज चोरटा निघाला. भिकाजीने कुणाला काही सांगितलं असेल काय? लोकांना कळलं तर पुढच्या रविवारी मला तिथे उभं राहता येईल काय?

आणि खरं सांगू? उभं राहता आलं नाही तरी तीन वाजताचा फोन सोडवणार नाही आता. रोज अडीचपासून मोबाईल चार्जिंगला लावून बसतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

भिकाजी आलाच. "अवो, नुसती हुंगून घालवताव? इकडं आणा!" टोपणभर दिली. ह्या माणसाने तीस वर्षं जगभरच्या बंदरांत घेतलेय. डोळे मिटून बसला, एरवी एक मिनिट गप्प नसतो तो. मग म्हणाला, "आधी काकवी. मंग मीठ. गिळल्यावर घशात धूर ऱ्हातो, सुकं बांगडं भाजल्यावानी. चांगली हाय गुरुजी. लय चांगली हाय. पोरीला सांगा, भिकाजीकाका बोलला."

विचारलं, "कुणाला बोलला नाहीस ना?"

"मी कशाला बोलू? तुमी पीत नाय ह्येच कोण मानायचा नाय!"

तोंडाचं काम भिकाजीने केलं, नाकाचं मी. तसं नावानिशी वेदिकाला लिहून पाठवलं.

२२ नोव्हेंबर

ही जरा जास्तच विचारते. धूर पहिल्या क्षणाला येतो की दुसऱ्या? मनुका काळ्या की पिवळ्या? लाकूड ओलं की सुकं? मी वैतागलो. "अगं, पिंप तुझ्या समोर आहे, माझ्यापुढे चमचाभर! तूच बघ ना."

ती हळूच, "तुम्ही सांगा ना बाबा. मला तुमच्याकडून ऐकायचंय."

इतकं बरं वाटलं! तीन वर्षांची उपाशी आहे पोर बापाच्या बोलण्याला. सगळं परत सांगितलं. मनुका काळ्या. लाकूड सुकं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटचं पाठवलं. वहीत चार पानं झाली होती, त्याचं एक केलं. शेवटी लिहिलं — माझ्या मते भरायला हरकत नाही. पाहा, पंचशील देणारा माणूस दारू पास करतोय!

बाटलीत बोटभर उरलीय. कपाट उघडलं की आता हजेरीपटांनाही वास येतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

पिंप पास! तिने इंग्रजीत उतरवलेला कागद मालकाने सगळ्यांसमोर वाचून दाखवला म्हणे. भाजलेल्या जमिनीचं वाचल्यावर म्हणाला, असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. मथुराने गोड केलं. मी तीनदा शिरा घेतला. फोनवर पोर मात्र आनंदात वाटली नाही. दमली असेल.

२ डिसेंबर, सोमवार

फोन ठेवला आणि वही उघडली.

तीनला फोन आला. मालक इतका खूश झालाय की सहा नवी पिंपं तिच्यावर सोपवलीत. "बाबा, सहाही नमुने पाठवू? केतन परत यायचा नाही, पण मी करते काहीतरी."

मी म्हटलं, "पाठव की! पण तू काय करणार मग? पगार मला दे अर्धा." थट्टेत.

आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, हुंदके देत.

जानेवारीत तिला ताप आला होता. साधा ताप. त्यानंतर वासच येत नाही. चहाचा नाही, साबणाचा नाही, जळलेल्या दुधाचा नाही. दोन डॉक्टर झाले. कुणी म्हणतं येईल, कुणी काहीच म्हणत नाही. दहा महिने तिने कंपनीत कुणाला कळू दिलं नाही. दुसऱ्यांचं ऐकून, जुन्या वह्या बघून निभावलं. चौदा नंबरला निभेना. तेव्हा बाप आठवला.

मालकाने वाचला तो माझा कागद. तिच्या नावाने.

मला त्या पोरीचं इतकं वाईट वाटलं. तिचं नाक गेलं! आणि मी शिरा खात होतो.

३ डिसेंबर

मथुराला जानेवारीपासून माहीत होतं. विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, "सांगितलं असतं तर हुंगलं असतंत? म्हणाला असतात, बरं झालं, सुटली."

म्हणालो असतो.

४ डिसेंबर, बुधवार

महिनाभर पाचवं सांभाळत बसलो. थेंब जिभेला लावला नाही, कसा अभिमान! आणि मोडलं ते चौथं. खोटं बोलणार नाही — ते. माझ्या हाताने लिहिलेलं खोटं सात समुद्रापलीकडे वाचून दाखवलं गेलं आणि लोकांनी मान डोलावली. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण आता माहीत आहे. आता सहा नमुने आले तर?

हो म्हणावंसं वाटतंय. अगदी मनापासून. सहा पिंपं म्हणजे सहा महिने रोज तीनचा फोन. नाही म्हटलं तर ती पुन्हा तुटेल, ह्या वेळेला माझ्या सोवळेपणाने नाही, तर तिला माझा उपयोग नाही म्हणून. नोकरी गेली तर तिचं तिकडे राहणंही जाईल. दहा वर्षं शिकली त्यासाठी.

दिवसभर अंगणात फेऱ्या मारल्या. जेवलो नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

मीच फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला.

म्हटलं, "बाळा, मी तुझ्यासाठी हुंगीन. शंभर पिंपं हुंगीन. पण माझ्या नावाने. तुझ्या मालकाला सगळं सांग. मग तो म्हणाला, म्हाताऱ्याला हुंगू दे, तर माझी हरकत नाही. विहारातल्यांना मी स्वतः सांगेन. पण चोरून नाही. चोरून तू आतून झिजशील."

"नोकरी जाईल बाबा."

"जाईल."

"तुम्हाला हेच हवं होतं ना?" रागाने नाही म्हणाली. नुसतं विचारलं.

८ डिसेंबर, रविवार

विहारात उभा राहिलो आणि बाटलीचं सगळं सांगून टाकलं. पोरीच्या नाकाचं नाही सांगितलं, ते तिचं आहे. येसूबाई म्हणाली, "प्यालात नाय ना? मग चला, पंचशील द्या." एवढंच! ह्याच लोकांना महिनाभर घाबरत होतो.

पाचही दिली. चौथं मात्र मान खाली घालून.

१० डिसेंबर, मंगळवार

तिने सांगितलं. मालक ओरडला नाही, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. पण नोकरी नाही राहिली. वीस तारखेला घरी येतेय. म्हणाली, "बाबा, हलकं वाटतंय."

तीन वर्षं मी हेच मागत होतो — तिने ती नोकरी सोडावी. आज मिळालं. मागच्या पडवीत जाऊन रडलो.