कोटातले चोरखिसे

३ मार्च

चि. टाचणीस, अनेक आशीर्वाद, मामीचे दोन जास्त.

घशातून आवाज फुटत नाही, म्हणून फोनऐवजी पत्र. मामी म्हणते, तीस वर्षांत घर पहिल्यांदाच शांत आहे. घशातल्या गाठीवर पस्तीस वेळा किरण द्यायचेत, त्यातले चौदा झाले. मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून तो टेबलाला अडकवतात. शिवण कुठे नाही, तरी चपखल. एवढी वर्षं शिंपीकाम केलं, पण असं फिटिंग मला जमलेलं नाही.

दर सोमवारी वजन करतात. पहिल्या दिवशी होतं तेवढंच भरतंय, तेव्हा काळजी नसावी. तू तिकडे नक्की काय शिकतेस, ते मामीला समजेल असं लिही. मला समजलंय, असं मी तिला सांगून बसलोय.

लोभ आहेच, पत्र लवकर आलं तर वाढेल.
तुझा मामा

८ मार्च

ती. स्व. मामांस व मामीस, सा. न.

मामीला सांगा, किरण कुठून किती द्यायचे याचा आराखडा पहिल्या दिवशीच्या मापावर आखतात. पण सात आठवड्यांत माणूस सुकतो, गाठ आटते, आतल्या जागा सरकतात. जुन्याच मापावर किरण देत राहिलं, तर ते लाळेच्या ग्रंथींवर नाहीतर मज्जारज्जूवर जादा पडू शकतात. कुणाचं माप केव्हा बदलायचं, हे वेळेत ओळखायची पद्धत आम्ही सहा जण इथे शिकतोय आणि घडवतोय. तुम्ही गिऱ्हाइकाला पुन्हा ट्रायलला बोलावता ना, तसंच.

आम्ही आधी बघतो ते वजन. तुमचं हललं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. माझे मामा चिवट आहेत, अशी वर्गात बढाईही मारून झाली.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची भाची

१२ मार्च

चि. टाचणीस, आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं आणि लपवलेलं सांगणं भाग पडलं. आता काय ते रागाव. मी कोटाला आतून चोरखिसे शिवलेत. पहिल्या सोमवारी एका कात्रीवर भागलं. गेल्या सोमवारी दोन कात्र्या आणि कापड दाबायचे लोखंडी ठोकळे घेऊन काट्यावर उभा राहिलो.

दवाखान्यात बाकावर शेजारी बसणाऱ्या मास्तरांचं वजन उतरलं, तर त्यांचे किरण आठवडाभर बंद ठेवले. माझे बंद झाले की मी संपलो, एवढंच डोक्यात बसलं. मास्क गालावर डुगडुगतो. तो बसवणारी मुलगी रोज विचारते, सैल होतोय का, आणि मी हातानेच नाही म्हणतो. मामीने इथवर वाचलं. उठून कोट कपाटात कुलूपबंद केला. टपालाची वाट बघायचा तिला धीर नाही, ती हे पत्र आत्ताच तुला फोनवर वाचून दाखवणार आहे.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.
मामा

२० मार्च

ती. स्व. मामांस, सा. न.

मामीचा फोन ठेवला आणि लगेच तुमच्या डॉक्टरबाईंना लावला, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. साडेपाच किलो, मामा! काल त्या म्हणाल्या, किरण दोनच दिवस थांबले, नवा मास्क नीट बसला, नव्या मापावर काम सुरू आहे. मज्जारज्जूला धक्का नाही. गाठ निम्म्याहून लहान झाली. मी जिन्यात बसून पोटभर रडले आणि मग दोन माणसांचं जेवले.

वर्गात सगळं सांगितलं. आमच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आम्हा सहाही जणांना मास्क घालून एकेक करून टेबलावर झोपवलं, दहा-दहा मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला मी हात वर केला, काढा म्हणून. तुम्ही वीसेक वेळा तसे झोपलात आणि मला लिहिलंत, काळजी नसावी. मी वजनाचं लिहीत बसले. भीती वाटते का, हे विचारलंच नाही. आता विचारते.

उत्तराची वाट बघणारी,
तुमची भाची

२५ मार्च

चि. टाचणीस, आशीर्वाद, आणि मामीचे नेहमीप्रमाणे दोन जास्त.

फार वाटत होती. मास्क चढवायच्या आधी मी रोज मनातल्या मनात तुझ्या मामीचा निरोप घ्यायचो. आज घ्यायचा विसरलो. टेबलावरून उतरून चपला घालताना ते लक्षात आलं, आणि हसू आलं.

तुझा मामा