डावखुऱ्या रेघा

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्र आजच तुझ्या दाराखालून सरकवून येईन. आईचा गुडघा आता बराच बरा आहे. काठी न घेता जिना उतरते आणि शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचं कौतुक करते. तुझ्या बढतीचं वहिनीकडून कळलं. खिडकीजवळचं टेबल मिळालं म्हणे. तिथे उजेड चांगला असतो.

मला घरी बसून सहा आठवडे झाले. पॉलिशच्या धुळीचा त्रास व्हायला लागला म्हणून मीच घड्याळांच्या वर्कशॉपमधलं काम सोडलं, असं आईला वाटतं. तूच तिला तसं सांगितलंस. मी नुसती मान डोलावली.

त्या घड्याळाबद्दल आपण एकदाही बोललो नाही, दादा. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘फक्त पट्ट्यावरचे ओरखडे काढणे. केसला हात लावू नये.’ चाळीस वर्षांचं घड्याळ, आपल्या घरापेक्षा महाग, आणि बाहेरच्या पोलादी केसच्या कडा अजून कारखान्यातून आल्यासारख्या धारदार. घड्याळाच्या मालकीणबाई न्यायला आल्या तेव्हा कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल झाल्या होत्या. चिठ्ठीवर कारागीर नंबर चार. म्हणजे मी.

साहेबांनी विचारलं, “हे काम तुझं?”

मी तुझ्याकडे बघितलं. तू नखात अडकलेली काळी पेस्ट काढत होतास.

“नंबर तिचाच आहे,” तू म्हणालास. “बहीण असली म्हणून मी खोटं बोलणार नाही.”

इतक्या सरळ आवाजात म्हणालास की क्षणभर मलाच वाटलं, केलं असेल मी. पण घड्याळ तेव्हा माझ्या हातात होतं. बफचं चाक फिरवून झाल्यावर पोलादावर हाताने ज्या बारीक रेघा ओढतो, त्या डावीकडे झुकलेल्या होत्या. आपल्या विभागात डावखुरा तू एकटा. तुझ्याच शेजारी बसून मी हे काम शिकले, तुझा हात मी ओळखणार नाही?

तरी गप्प बसले आणि काम गमावलं. चूक कुणाच्याही हातून होते. चिठ्ठी न वाचता केस बफवर धरली असशील. दोन ताकिदी आधीच मिळाल्या होत्या, बढती तोंडावर आली होती, सगळं समजत होतं मला. एकदा विचारलं असतंस तर कदाचित मी आपणहून अंगावर घेतलं असतं. तू विचारलं नाहीस. माझा नंबर टाकून मोकळा झालास. त्या संध्याकाळी तू येशील म्हणून मी तुझ्यापुरता जास्तीचा स्वयंपाक केला होता. तू आला नाहीस. नंतरही नाही.

शुक्रवारी साहेबांनी बोलावणं पाठवलं. त्या बाईंनी घड्याळ दुसऱ्या एका कारागिराला दाखवलं होतं. तो बघताक्षणी म्हणाला, हे काम डावखुऱ्या माणसाचं आहे. साहेबांनी पोलादाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. “ओढ रेघा.” मी ओढल्या, उजवीकडे झुकलेल्या. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“भाऊ बोलेल असं वाटलं होतं,” मी म्हटलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. बुधवारपासून मी पुन्हा कामावर जाणार आहे. तुला उद्या बोलावतील. काय ठरवलं आहे ते मी विचारलं नाही. तुला ठेवलं तर माझं टेबल दुसऱ्या टोकाला द्या, एवढं मात्र मागून घेतलं.

आईला अजून यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. उद्या संध्याकाळी ये, तिच्यासमोर बस आणि तूच सांग. तुला अवघड जाऊ नये म्हणून मी त्या वेळी बाहेर जाईन. तुझ्यासाठी आता एवढंच करू शकते.

या वेळी आशीर्वाद मागत नाही.

तुझी धाकटी बहीण