आठाचे तीन

५ फेब्रु., गुरु.
शहापूरचा दवाखाना. गाठ पाठीच्या हाडात उतरलीय, ते माहीतच होतं. सिस्टरने तक्ता दिला: रोज दुखणं शून्य ते दहा, शेजारी मन शून्य ते दहा. जास्त आकडा म्हणजे जास्त वाईट. मला तक्ते शिकवते! सव्वीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं भरली मी. "आत्ता किती?" हे शेजारीच बसलेले. "तीन," म्हणाले. होतं सात. यांचा चेहरा बघून आकडा उतरवायची सवयच लागलीय.

७, शनि.
दुखणं (दु.) ५, मन (म.) ४. दुपारी वन्सं आल्या, केळी घेऊन, तोंडाला पदर. "कसं गो झालं तुझं. माज्या जावेचं पण असंच..." जाऊ कशी गेली ते साग्रसंगीत. नंतर दु. ८, म. ९. हाडं तीच, गोळी तीच.

८, रवि.
हे म्हणतात, "मनाचंच हाय सगलं. टेन्शन नको घेऊ." डोकं फिरलं. मनाचं असलं म्हणून खोटं? कूस बदलता येत नाही म्हणून मन कुजतं, मन कुजलं की पाठ आणखी धरते. दोघं एकाच ताटात जेवतात.

११, बुध.
तिसरा रकाना आखला: कोण आलं. आणि नियम. भेटायला येईल त्याने बिरडं सोलायचं. मोड आलेल्या वालांची टोपली दारातच. वन्सं परत आल्या. "आजाऱ्याच्या घरी काम?"
"मरायला टाइम हाय अजून. सालं नीट काढा."
हात गुंतले की रडता येत नाही. तासाभरात त्या चुलतसासूची नक्कल करत होत्या. हसताना पाठीत कळ, तरी दु. ५, म. २.

१६, सोम.
कोणी आलं नाही. मन बरं, म. २. दु. ८. म्हणजे सगळं मनाचं नाही. पुरावा.

१९, गुरु.
शहापूर. सिस्टरने विचारायच्या आत हेच बोलले, "तीनच असतं तिचं." माझाच खोटेपणा. मी तक्ता पुढे केला. "आठ."
"कदीपासून?" यांनी विचारलं.
"दिवाळीपासून. अधूनमधून."
सिस्टर डॉक्टरांकडे गेली, गोळी बदलायचं बघते म्हणाली. घरी आल्यावर यांनी वाल भिजत घातले, मग तक्ता घेऊन बसले. "माजा आकडा कुठं लिवायचा?"
चौथा रकाना आखून दिला. पेन हातात धरून बसलेत अजून.